वळणावरची चेटकीण आणि बाबाचा झाडू

शे-दोनशे माणसं वळणावर लोटली होती आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, "बाबांनी चेटकीण दाखवली!" चेटकीण म्हणजे कोण, तर तिथे एकटी राहून कपडे शिवणारी शिंपीण. महिनाभर तिच्या दारासमोर गाड्यांची चाकं पंक्चर होऊन बसत होती, तीही बहुतेक मागचीच. "भूत पाठीमागूनच धरतं," गंडे विकून मंतरलेल्या झाडूने रस्ता झाडणारा बाबा सांगायचा. आज दूधवाल्याची मोटारसायकल तिथेच आडवी झाली, मागे बसलेल्या लेकीचं डोकं फुटलं. मग काय! शिंपिणीला केस धरून रस्त्यावर फरफटवलं. एकाने कमरेत लाथ घातली, दुसऱ्याने मनगट पिरगाळलं. हाड मोडल्याचा आवाज आला.

समोरच्या दुकानातून पंक्चरवाली आत्या टायर उचकटायची लोखंडी पट्टी घेऊनच धावली.

"सोडा तिला, मेल्यांनो! मागचं चाक का बसतं ते मला विचारा की! आडवा पडलेला खिळा पुढचं चाक उडवतं आणि तो मागच्यात घुसतो. वीस वर्षं तेच उपसतेय मी."

"मग बाबांनी रस्ता झाडला की गाड्या सुखरूप कशा जातात गं?" दूधवाला किंचाळला. शर्ट लेकीच्या रक्ताने भिजलेला, हातात दगड.

"बालका, सात स्मशानं झाडलेला झाडू आहे हा!" बाबा गरजला. सात स्मशानं झाडणाऱ्याच्या दाढीत कालचं जेवण तसंच होतं. त्याने झाडू शिंपिणीच्या तोंडावर हाणला. दुसरा फटका आत्याने पट्टीवर झेलला, आणि पट्टी झाडूला खट्‌कन चिकटली. ओढून निघेना.

आत्या क्षणभर थबकली. मग बाबाच्या पोटात गुडघा घालून तिने झाडू हिसकला आणि त्याची दोरी दातांनी तोडली. आतून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक निघालं, साळिंदरासारखं खिळ्यांनी भरलेलं.

"हे बघा भूत! पहाटे पेरायचं, गंडा विकला की झाडून उचलायचं. जा रे, तुझ्या टायरात बघ."

दूधवाल्याने टायर चाचपला. आत तसलाच खिळा. त्याने दगड बाबावर उगारला.

आत्या मध्ये उभी राहिली. "तो पोलिसांत जाईल. पण हिचं मनगट काय बाबाने मोडलं?"

शिंपिणीने रक्त थुंकलं. "ह्याच हाताने तुझ्या लेकीचे फ्रॉक शिवते रे मी," ती दूधवाल्याला म्हणाली.

ते मनगट पुढे कधीच नीट वळलं नाही. तेव्हा बाबांनो, बायांनो, चाक बसलं तर आधी टायर उघडा, आतून बोटं फिरवा. खिळा सापडेपर्यंत कुणाच्या दारात जाऊ नका. सापडल्यावरही हात आवरा, तो पेरणारा शोधा.