लाल बस्त्यावरचं काज

"नाही म्हणजे नाहीच दिसून राहिलं, भाऊ!" विपुलसरांनी कॉम्प्युटरचा पडदाच शहानवाजकडे फिरवला. "दोन हजार पाचच्या आधीचं काहीच नाही याच्यात. अन् जुन्या फायली नियमानं नष्ट झाल्या. ही पाहा यादी."

तुबानं अब्बूंकडे, शहानवाजकडे, पाहिलं. सकाळी अकोल्याहून एसटीत बसताना कडक इस्त्रीचा असलेला त्यांचा शर्ट अमरावतीच्या या कर-कार्यालयात येईपर्यंत पार चुरगळला होता. जठारपेठेतलं त्यांचं दुकान म्हणजे एकच हिरवी जर्मन मशीन, काजं करणारी. कितीतरी शाळांच्या गणवेशांची काजं तिच्यावर होतात. तुबाच्या अंगातल्या शर्टाचीसुद्धा! ती दादांनी, म्हणजे तुबाच्या आजोबांनी, एकोणीसशे चौऱ्याण्णव साली परदेशातून मागवलेली. आता दादा नाहीत, आणि त्यांची कागदांची पेटी मोर्णेच्या पुरात गेली. परवा तपासणीला आलेले साहेब म्हणाले, आयातकर भरल्याचा कागद दाखवा. आज पाचपर्यंत अमरावतीतल्या त्यांच्या कचेरीत नाही दाखवला तर मशीन जप्त.

घड्याळात पावणेचार झाले होते.

"कोनती मशीन म्हन्ता?" दारातून आवाज आला.

कौशल्याबाई. इथल्या दप्तरी. फायलींचे गठ्ठे लाल कापडाच्या बस्त्यात बांधायचे, रॅकवर चढवायचे, मागितले की काढून द्यायचे, एवढंच त्यांचं काम. एकतीस वर्षं तेच.

"काजाची, मावशी," तुबा पटकन बोलली. "हिरवी."

कौशल्याबाई आत आल्या. म्हणाल्या, "विपुलसर, यादीत नसलेला एक बस्ता हाये."

"यादीत नसलेला? म्हणजे कोणता?"

"माह्या चुकीचा."

रेकॉर्डरूमचं दार उघडलं आणि तुबा उंबऱ्यातच थबकली. बाप रे! छतापर्यंत रॅक, रॅकवर लालच लाल बस्ते. एकावर परतवाड्याच्या दवाखान्याच्या एक्स-रे मशीनचं नाव, दुसऱ्यावर बाळापूरच्या कुणाच्या तरी छपाईच्या यंत्रसंचाचं. समुद्र ओलांडून वऱ्हाडात आलेली एकेक वस्तू इथे कागद होऊन बसली होती, आणि हे सगळं या किडकिडीत बाईनं बांधलेलं!

कौशल्याबाई स्टुलावर चढता चढता बोलत होत्या.

"नवीनच लागली होती मी. फायली नंबरानं लावाच्या असतात, हे मले कोन सांगते? घरी कसं, डाळीचे डबे एकीकडं, मसाल्याचे एकीकडं. तसंच लावलं. मशिनी इकडं, कापड तिकडं, दवाया तिसरीकडं. साहेब असे भडकले, का विचारू नका! आठ दिवस सगळं सोडलं, पुन्हा बांधलं. हा एकच बस्ता राहून गेला. मले वाटलं, आता दाखवला तं नोकरी जाते. दिला वरती सरकवून."

"एकतीस वर्षं कोणाले दिसलाच नाही?" शहानवाजनं विचारलं.

"कसा दिसन? नंबरानं पाहनाऱ्याले तो दिसतच नाही."

म्हणजे बरोबर लावलेल्या सगळ्या फायली यादीनुसार गेल्या, आणि चुकलेली तेवढी उरली! तुबाच्या लक्षात आलं.

बस्ता खाली आला. त्याच्या कोपऱ्यात एक काज होतं आणि गाठीची दोरी त्यातून ओवलेली होती.

"हे कोणी केलं?"

"तुह्या दादानं. साहेबाले पटेच ना, का एवढं मोठं धूड निस्तं काजं करते. मंग तुह्या दादानं तिथं व्हरांड्यात चालवूनच दाखवली. कापड कोनापाशीच नव्हतं, म्या हा बस्ता पुढं केला. दोन मिनिटांत काज! सारं हापिस पाहाले जमलं होतं, पोरी."

तुबानं आपल्या शर्टाच्या बाहीचं काज त्या काजाशेजारी धरलं. तोच दाट टाका, टोकाशी तोच बारीक आडवा बंद. दादा गेले तेव्हा ती दोन वर्षांची होती. तिनं काजावरून हळूच बोट फिरवलं.

फाइल सापडली. आत पावती होती, शिक्क्यासकट.

विपुलसरांनी नक्कल काढली आणि आवाज उतरवला. "मावशी, फाइल कुठं मिळाली ते रजिस्टरात लिहावं लागते. जुन्या कपाटात मिळाली म्हणून टाकतो. नाहीतर तुमच्यावर नोटीस निघन, रिटायरमेंटले चार वर्षं राहिली तुमच्या."

"काहून? कपाटानं काय केलं बिचाऱ्यानं?" कौशल्याबाईंनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं: सदर बस्ता माझ्या चुकीने नोंदीत आला नाही. खाली सही, पूर्ण नावानिशी.

शहानवाज हात जोडून उभाच राहिला.

"जा नं भाऊ, साडेचार झाले. तपासनीवाले साहेब काय तुमच्यासाठी थांबून राहनार हायेत का?"

धावता धावता तुबानं मागे वळून पाहिलं. कौशल्याबाई पुन्हा स्टुलावर चढल्या होत्या. वरच्या रॅकवरच्या रिकाम्या जागेवरून त्या सावकाश फडकं फिरवत होत्या. तिथे धूळ नव्हतीच; एकतीस वर्षं त्यांनी ती साचूच दिली नसावी.