तिसरी बरणी

मार्चमधले ऊन अंगणात एकदम येत नाही. आधी ते पाण्याच्या टाकीच्या कडेवर थोडे थांबते, मग शेवग्याच्या विरळ पानांतून गाळून खाली उतरते, आणि गोठ्याच्या पत्र्यावरून घरंगळत शेवटी अंगणातल्या ताडपत्रीपाशी पोहोचते. तिथे आले की त्याचा रंग बदलतो. इतरत्र फिकट, दुधाळ दिसणारे ऊन त्या ताडपत्रीवर गडद पिवळे होते. पडवीच्या पायरीवर बसून, हातातला चहा निवत ठेवून, वीरधवल हे कितीतरी वेळ पाहत होता. तो पिवळेपणा उन्हाचा नसून दरवर्षी तिथे वाळणाऱ्या हळदीचा आहे, हे त्याला ठाऊक होते. पण सकाळच्या वेळी उन्हाला थोडे श्रेय द्यायला त्याची हरकत नसे.

आज पीरमहंमदचाचा येणार होते.

अण्णांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, जाऊन तीन वर्षे झाली होती. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होताना एका साहेबाने त्यांना आपला जुना पाईप दिला होता, आणि त्यात भरायची तंबाखू अण्णा घरीच बनवत. निपाणीचे पान, तासगावच्या बेदाण्याचे पाणी, थोडी काकवी. सगळे नऊ दिवस दगडी पाट्याखाली दाबायचे, मग बारीक कातरून वाळवायचे आणि बरणीत भरायचे. कृती दोन ओळींत मावणारी होती. तरी वीरधवलच्या पहिल्या दोन्ही बरण्या चुकल्या. इस्लामपूरच्या बाजारात चाळीस वर्षे तंबाखू विकलेल्या, अण्णांचे जिवलग मित्र असलेल्या चाचांनी दोन्ही वेळा दोन झुरके घेऊन मान हलवली होती. "झ्याक हाय. पण कृष्णाची न्हाई."

कृष्णाची, म्हणजे अण्णांची व्हावी, एवढेच त्याला हवे होते. अण्णांचा आवाज आठवेनासा होत चालला होता. निदान त्यांचा वास तरी एकदा या पडवीत परत यावा. आणि चाचांची छाती आता साथ देत नव्हती. यंदाची चव शेवटची, असे त्यांनी निरोपातच कळवले होते.

रिक्षातून उतरून चाचा धापा टाकत पडवीत टेकले.

"आवं पीरभाई, यंदा तरी पोराला पास करा," आई आतून म्हणाली. "पाट्याखाली ह्याची तंबाखू, मग मी चटणी वाटू कशावर?"

"वहिनी, मिक्सर हाय की!"

"मिक्सरच्या चटणीला नावं ठिवणारं पैलं तुमीच."

चाचांनी बरणीतली चिमूट कानाशी चुरगाळून ऐकली, मग हुंगली, आणि अण्णांचा पाईप भरला. खाली सैल, वर जरा दाबून. काडी ओढली. पहिला झुरका घेताच त्यांचे डोळे मिटले. दुसऱ्याला जोराचा ठसका लागला, आणि ठसक्यातच ते हसू लागले. पांढऱ्या दाढीवरून पाणी ओघळत होते.

"हीच! हीच रं गड्या! कृष्णाच बसलाय म्होरं."

"खरंच, चाचा?"

"खोटं कशाला बोलू? जिभंला चटका, घशात खवखव, आन् मागनं आमटी करपल्यावानी वास. हीच!" हे सारे ते इतक्या मायेने म्हणाले की कुणाला ती स्तुतीच वाटावी. "वाळवलीस कशावर रं?"

"धुतलेल्या धोतरावर. दरवर्षीसारखी."

"कुटलं धोतार?" आई दारात आली. "तू कामाला साताऱ्याला गेलतास, तवा वारं सुटलं आन् धोतार उडालं. मीच समदी गोळा करून हळदीच्या ताडपत्रीवर पसरली. तुजे अण्णा बी तिच्यावरच वाळवायचे."

"मला कधी बोलली नाहीस!"

"तू इचारलंस कवा?"

त्याने विचारले नव्हते. अण्णा तंबाखू वाळवत त्या महिन्यांत तो साताऱ्याच्या वसतिगृहात असे. घरी येई तेव्हा बरणी भरलेली असे.

चाचांनी पाईप पुढे केला. एरवी न ओढणाऱ्या वीरधवलने तो दोन्ही हातांनी घेतला आणि एक झुरका ओढला. जीभ भाजली. त्यामागून हळदीचा जळका, कडवट वास नाकात चढला, आणि त्या वासाबरोबर एकोणिसाव्या वर्षातली एक सकाळ आली. अण्णांनी याच पायरीवर, असाच पाईप पुढे केला होता. त्याने झुरका घेतला, गोठ्यामागच्या नळावर जाऊन चार चुळा भरल्या, आणि परत येऊन म्हटले, "छान आहे, अण्णा." अण्णांनी त्या आनंदात पुढच्या वर्षी दुप्पट तंबाखू केली होती. आपल्याला अजून चव कळत नाही, अशी स्वतःची समजूत घालून तो इतकी वर्षे राहिला होता.

"चाचा, तुम्ही तर तंबाखूचे व्यापारी. तुम्ही त्यांना कधी सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं?" चाचांनी निरागसपणे विचारले, आणि त्याच्या हातातला पाईप काढून घेतला. छातीमुळे दोनच झुरके ठरले होते. त्यांनी तिसरा घेतला. आई तोंडाला पदर लावून आत वळली.

धूर पडवीतून सावकाश अंगणात गेला आणि ताडपत्रीवर पिवळा झाला. वीरधवलने पुन्हा हात पुढे केला.

अण्णांची तंबाखू वाईट होती.