वळणावर थांबलेली दोघं

मी एक उतरती वाट. लाल कड्यावरून निघून खाली दरीतल्या पीचच्या झाडांपर्यंत जाते. निदान जात होते. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नुसती हवा. मला कुणी आखलं नाही. मेंढरांच्या खुरांनी झिजवलं, आणि खूर टिकेना तिथं इथल्या नवाहो जमातीच्या बायामाणसांनी दगडात पावलापुरते खळगे खोदले.

तळाशी एटा आणि हॉस्की या म्हाताऱ्या जोडप्याचं लाकूड-मातीचं घर होतं. माझ्यावर पाऊल ठेवणारं तेवढंच घर उरलं होतं.

त्या उन्हाळ्यात हॉस्की अंथरुणाला खिळला. आमच्याकडे घरात माणूस गेला, तर त्या घराची उत्तरेची भिंत फोडतात आणि ते कायमचं सोडतात. म्हणून शेवट जवळ आला की माणसाला बाहेर सावलीत आणतात. एटाच्यानं तो उचलवेना. निरोप गेला, तशी लेक वर्ना नवऱ्याला, लेलंडला, घेऊन उतरू लागली.

"खेळात उन्मत्त बैलावर बसून मिरवतोस, आणि इथं पालीसारखा चिकटून चालतोस?" वर्नानं नवऱ्याला चिडवलं.

"बैलावरून पडलं तर खाली माती असते. इथं काय आहे?"

"तुझ्या सासूचा मका. त्यावर पडलास तर बघ!"

मधल्या वळणावर ती एकदम ओरडली, "आई, तोंड झाक! जावई आहे मागे!"

नवऱ्याची घरघर ऐकवेना म्हणून एटाच मदतीला हाका मारत वर निघाली होती. आमच्याकडे सासू-जावयानं एकमेकांकडे बघायचं नाही, बोलायचं नाही. बघितलं तर डोळे जातात. एटा शाल डोक्यावरून ओढून कपारीत बसली. लेलंडनं कड्याकडे तोंड केलं. वर्ना खाली धावली.

जावई पुढे जाईल म्हणून सासू थांबली. सासू वर निघून जाईल म्हणून जावई थांबला. मान वळवून बघायची सोय नव्हती. मी आणखी हातभर रुंद असते तर? अजून तोच विचार येतो.

"अरे, या ना! मला एकटीला बाबा उचलवत नाहीत!" वर्नाची हाक आली.

तेव्हा कुठे लेलंड डोळे घट्ट मिटून, कडा चाचपत एटाच्या अंगावरून पुढे गेला. तो पोचला तोवर वर्नानं बापाला उंबरठ्यापर्यंत ओढत आणलं होतं. उंबरठ्याच्या आतच म्हाताऱ्यानं जीव सोडला.

कुणी कुणाला बोल लावला नाही. गेलेल्याचं नावच घेत नाहीत, तर भांडणार कशावरून? लेलंडनंच कुऱ्हाडीनं भिंत फोडली. मेंढरं घेऊन सगळी वर गेली.

आता माझ्या खळग्यांत वाळू साचते. पीच पिकतात, गळतात, कुजतात. त्यांचा गोड वास कड्यापर्यंत येतो. तुम्ही कधी तिथं उभे राहिलात, तर त्या वासामागे उतरू नका. मी पायाखाली टिकेन याची मला खात्री नाही. आणि खाली कुणी नाही.