भाऊजींचं कँडिड

माझ्या धाकट्या दिरांच्या फोटो स्टुडिओत मी प्रिंट काढते. काचेवर मोठ्या अक्षरांत 'कँडिड स्पेशालिस्ट' लिहिलंय. माणसाच्या ध्यानीमनी नसताना टिपलेला फोटो म्हणजे कँडिड, एवढं मला प्रिंट कापता कापता कळलं. भाऊजींना अजून कळायचंय. "कॅमेऱ्याकडे बघू नका, खिडकीकडे बघा, हं, आता सहज हसा!" असे हुकूम सोडतात आणि गिऱ्हाईकं बिचारी दात विचकतात. उथळ पाण्याला खळखळाट फार.

सोमवारी सासूबाईंच्या जबड्याचं ऑपरेशन होतं. डावा गाल आत जाईल, पहिल्यासारखं हसता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. फोटो म्हटलं की पळणाऱ्या सासूबाई शनिवारी आपणहून म्हणाल्या, "माझं हसणं कुठंतरी राहू दे गं."

कामाआधी भाऊजी लाइट तपासायला दोन-चार फोटो काढतात आणि लगेच पुसतात. "आई, तू नुसती बस," म्हणत ते मागे सरकले आणि स्टँडच्या पायात अडकले. लाइटची पांढरी छत्री थेट त्यांच्या डोक्यावर उतरली. सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. एरवी तोंडावर जाणारा हात पोटावर होता. नेमकं तेव्हाच भाऊजींच्या बोटाखाली कॅमेऱ्याचं बटण दाबलं गेलं आणि फ्लॅश उडाला. माझा जीव भांड्यात पडला.

मग कँडिड सुरू झालं. मान वळव, हनुवटी वर, सहज हस. असे चाळीस फोटो. चाळीसही फोटोंत सासूबाई दात काढून घ्यायला बसल्यासारख्या.

रविवारी स्टुडिओ बंद, माझे सोमवार-मंगळवार दवाखान्यात गेले. बुधवारी प्रिंट काढायला बसले, तर तो फोटो कुठंच नाही.

"भाऊजी, छत्री पडली तेव्हाचा फोटो?"

"तो होय! तेव्हाच पुसला. कार्डावर आता कालचं लग्न आहे."

"अहो, पण का पुसलात?"

"वहिनी, त्यात आई तयार कुठं होती?"

अकलेचा खंदक! हा माणूस माझा दीर नसता तर तीच छत्री पुन्हा त्याच्या डोक्यात घातली असती.

संध्याकाळी त्यांनी चाळिसांतला एक फोटो मोठा करून, फ्रेम घालून दवाखान्यात नेला. "बघ आई, किती सहज आलंय!"

सासूबाईंच्या तोंडाला पट्ट्या होत्या. त्यांनी फ्रेम बराच वेळ मांडीवर धरली, मग माझ्याकडून वही मागून घेतली आणि लिहिलं, 'ही कोण?'