बाकीचं बोलणं

माणिकराव एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन मेडशीत राहायला येऊन बरीच वर्षं झाली, तरी स्टँडवर गाडी लागली की ते बाकावरून उठून उभे राहायचे. त्यामुळे दोन पोरं कॅमेरा घेऊन दारात आली आणि "जुन्या ड्रायव्हर लोकांवर कार्यक्रम करतोय, काका" म्हणाली, तेव्हा त्यांनी इस्त्रीचा खाकी शर्ट घातला आणि दुपारभर बोलत बसले.

निघता निघता एकानं विचारलं, "काका, गाडी चालवून गुडघे दुखत असतील ना?"

"दुखतेत ना. पण आता घरी बसतो, त थोडा आराम आहे."

"तेच जरा शुद्ध भाषेत म्हणा. 'मला आता खूप आराम आहे.'"

माणिकरावांनी म्हटलं. घरी आलेल्या पोरांचं मन कायले मोडायचं?

काही दिवसांनी मुलीनं, सपनानं, कारंज्याहून व्हिडिओ पाठवला. जेमतेम दोन मिनिटांचा. वर लिहिलेलं, 'एका ड्रायव्हरची कहाणी'. जाहिरात हा शब्द कुठंच नव्हता. माणिकराव बोलत होते, आणि त्यांच्या मागं फळीवर बुद्धाची मूर्ती असायची तिथं गुडघेदुखीच्या हिरव्या तेलाची शिशी होती. मूर्ती कॅमेऱ्यात चमकते म्हणून पोरांनी ती बाजूला काढली होती.

माणिकरावांनी मोबाइल पालथा ठेवला.

"हा कार्यक्रम नव्हता वं," ते बायकोला, रत्नमालाला म्हणाले. "मले तेलाच्या शिशीपुढं बसवलं त्यायनं."

त्यांना पाहताक्षणी कळलं. गावाला नाही कळलं. शेजारच्या पंचफुलानं तेल मागवलं आणि डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या बंद केल्या. माणिकराव लगबगीनं तिच्या घरी गेले.

"ते तेल म्या हातात बी धरलं नाही, पंचफुला. गोळ्या सोडू नको."

"मंग व्हिडिओत काहून सांगतलं, भाऊजी?" ती हसली. "कंपनीनं पैसे देल्ले असन ना?"

ती थट्टेनंच बोलली होती. पण त्या दिवसापासून माणिकराव स्टँडवर गेले नाहीत. दिवाळी झाली आणि एका सकाळी अंगणात बसल्या जागी त्यांचं हृदय बंद पडलं.

घरात त्यांचा आवाज तेवढाच उरला. रत्नमाला व्हिडिओ लावायची आणि मधेच बंद करायची.

"पाह्य, 'मला' म्हणून राह्यले," ती सपनाला म्हणाली. "जल्मभर 'मले' म्हणत होते."

सपनानं कुठून तरी नंबर मिळवून त्या लोकांना फोन लावला. बाबा दुपारभर बोलले होते, ते बाकीचं रेकॉर्डिंग पाहिजे, म्हणाली.

पलीकडचा माणूस नीट बोलला. "मॅडम, लागलं तेवढं घेतलं, बाकीचं डिलीट केलं. जाहिरातीचं एवढं कोण सांभाळून ठेवतं?"

जाहिरात. तोवर एकदाही कोणी त्या व्हिडिओला तसं म्हटलं नव्हतं.

सपना म्हणाली, "आई, तक्रार केली तर तो व्हिडिओ निघून जाईन तिथून. बाबा मात्र मंग कुठंच दिसणार नाहीत."

"कर," रत्नमाला म्हणाली. "त्यायच्यावर भरोसा ठेवून लोकं तेल घेऊन राह्यले."

व्हिडिओ गेला. सपनाच्या फोनमध्ये एक प्रत तेवढी राहिली. आईनं ती कधी मागितली नाही. मग उन्हाळ्यात सपना माहेरी आली असताना एका दुपारी आईच म्हणाली, "दाव बरं. आवाज बंद करून."

खाली गुडघ्यांविषयी अक्षरं सरकत होती. वर माणिकरावांचे दोन्ही हात हवेत गोल फिरत होते. रत्नमालानं फोन डोळ्यांजवळ धरला.

"हे इथं गुडघ्याचं नाही बोलून राह्यले, सपना. पुलाचं सांगून राह्यले. पुलावरून पाणी वाहे, त यायनं गाडी थांबवली. गाडीतली एक म्हतारी उतरली न म्हणे, तू नेत नसशीन त मी पायी जातो."

"मंग?"

रत्नमाला पडद्याकडे पाहत राहिली. माणिकरावांचे हात थांबले होते, ओठ हलत होते.

"मंगचं मले मालूम नाही," ती म्हणाली. "त्यायनं हे आधी कधी सांगतलंच नव्हतं. न त्या दिवशी एवढं ऐकूनच मी त्या पोराइसाठी च्या ठेवाले आत गेली होती."