काळ्यावर माश्या बसतात

एलिसांतेच्या आईनं त्या हत्तीला परत एकदा सूप पाजलं.

"पातेलं हे एवढं," दारातल्या केळीखाली बसून शेंगा सोलता सोलता तिनं दोन्ही हात पसरले, "त्यात त्यानं सोंड घातली आणि एका दमात सगळं ओढलं. पाहुणे बघतायत, चमचे हातात! पण माझा एलिसांते कुठला घाबरतोय? म्हणाला, बाबा रे, घेतलंस तर घेतलंस, पण आज मिरी जास्त पडलीय हं. तोवर मिरी नाकात चढलीच होती. असा शिंकला, असा शिंकला, की प्रत्येकाच्या ताटलीत वाटी वाटी सूप जाऊन पडलं. ना कुणाला कमी, ना कुणाला जास्त. टेबलावर एक थेंब नाही!"

"मागच्या खेपेला टेबलावर सांडलं होतं, आई," सिफाएली म्हणाला. तो सफारीच्या ट्रकचा ड्रायव्हर. आनाएलीला न्यायला आला होता.

"मागच्या खेपेला हत्ती दुसरा होता, शहाण्या."

म्हातारीची सून आनाएली दारात उभी होती. हसू यायच्या जागा तिला पाठ होत्या, तरी हसू येत नव्हतं, आणि रडूही येत नव्हतं. नवरा गेल्यापासून तिचं सगळं असंच चाललं होतं. भूल दिलेल्या हिरडीसारखं. दात काढताना आवाज ऐकू येतो ना, पण दुखत नाही, तसं.

मेरू डोंगराच्या उतारावरची ही वाडी. तिथं बाईला पहिलं मूल झालं की तिचं स्वतःचं नाव संपतं. म्हातारीला सगळं गाव 'एलिसांतेची आई' म्हणायचं. चर्चमध्ये, बाजारात, पाण्याच्या नळावर. पोरगा गेला म्हणून नाव थोडंच बदलतं! कुणी दारावरून हाक मारली की मेलेल्या माणसाचं नाव घरात यायचं आणि चहा पिऊन जायचं.

आणि तो मेला कशानं? ऐका. ज्याच्या तंबूत सिंहीण निखाऱ्याच्या उबेला येऊन झोपायची, ज्याची टोपी घालून एक माकड पाहुण्यांकडून बक्षिसी गोळा करायचं, तो सफारीचा स्वयंपाकी एलिसांते निघायच्या आदल्या दिवशी उसा गावच्या बाजारात कांदे आणायला गेला आणि मोटारसायकलखाली आला. भर डांबरी रस्त्यावर, भर उन्हात. लोकांनी फुटलेल्या गोणीतले कांदे वेचून घरी आणून दिले. मयताला जमलेल्यांसाठी आनाएलीनं पिलाव शिजवला तो त्याच कांद्यांचा. कापताना डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा बाया एकमेकींना म्हणाल्या, चला, रडली एकदाची. रडली कुठली, कांदे होते.

त्या दिवशी सासूनं तिच्या खांद्यावरून दुखवट्याचं काळं कापड आडवं घेतलं आणि काखेखाली गाठ मारली. त्या घरची रीतच तशी. जिनं गाठ मारली तिनंच ती सोडायची. आनाएली अंघोळीला गाठीसकट कापड डोक्यावरून काढायची आणि तसंच परत घालायची. दीर म्हणाले, झालं की आता, सोडा. पाद्रीबाबा म्हणाले. म्हातारी म्हणायची, "बघू." आणि लगेच एखादं माकड नाहीतर पाणघोडा पुढं करायची.

"चला वहिनी," सिफाएली उठला. "नाहीतर तुमची सासू मला त्या हत्तीच्या सोंडेत घालायची."

सफारी कंपनीचं आवार डांबरी रस्त्यापलीकडं होतं. गवतावर तंबू पसरलेले, एकजण चेनला मेण चोळत होता, गाद्या ऊन खात होत्या. मालक किटोमारी दारातच उभे होते. बुटके, पोट पुढं, सदऱ्याच्या खिशात कायम टोमॅटो. खरेदीला गेले की चव बघायला एक उचलायचे आणि विसरून जायचे.

आनाएली आधी शाळेच्या स्वयंपाकघरात होती. एलिसांतेची जागा मागायला ती आली तेव्हा किटोमारींनी तिला पत्र्याच्या पेटीत पाव भाजायला लावला. खाली निखारे, झाकणावर निखारे, मध्ये पाव, आणि पुढं वाट बघणं. पाव छान फुगला. झाकण उचलताना तिच्या बोटाला निखारा लागला होता, ते तिला वास आल्यावर कळलं. किटोमारींनी पाव खाल्ला, बोट बघितलं, आणि म्हणाले, "ये."

एलिसांतेच्या हाताखालून गेलेली शिध्याची हिरवी पेटी तिच्यासमोर होती. ती भरू लागली. पिठाच्या डब्यात अंडी पुरली, एकाला दुसरं लागू न देता. टोमॅटो कच्चे तळाला, पिकत आलेले मध्ये, आजचे वर, म्हणजे तळापर्यंत पोचेस्तोवर तळाचे पिकतात. कोबी वर्तमानपत्रात गुंडाळली. मिरीची पुडी हातात आली तेव्हा ती जरा थांबली. मग तीही ठेवली. हात चालू असले की आपण कुठं तरी आहोत एवढं तिला कळायचं. घरी सासूसमोरच्या खुर्चीत बसली की तेही कळायचं नाही. जायचं तेवढ्यासाठीच. दुसरं काही कारण विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

"वहिनी," सिफाएली ट्रकवर तंबूचे बांबू चढवत होता, "एक बोलू? मारणार नाही ना?"

"बोला."

"आपण तारांगिरेच्या जंगलात चाललोय. तिथं चावरी त्सेत्से माशी. काळा आणि निळा रंग दिसला की वऱ्हाड आल्यासारख्या येतात. वन खात्याची माणसं माश्या पकडायला झाडांवर काय टांगतात ठाऊक आहे? काळी-निळी फडकी. तुम्ही हे नेसून चुलीपुढं बसलात तर पाहुण्यांना वाटेल सरकारनंच टांगलंय तुम्हाला."

तंबूवाले हसले. चाचपल्यासारखे, तिच्याकडं बघत बघत. तिनं कापडाकडं बघितलं, जसं काही दुसऱ्या कुणाचं आहे.

"डोक्यावरून काढा आणि ठेवा घरी. कोण बघतंय?"

"गाठ आईंनी मारलीय."

किटोमारी जवळ आले. खिशातला टोमॅटो काढून त्यांनी पेटीत वरच्या थरात ठेवला. "पोरी, माशी पाहुण्यांना चावली तर ते मला चावतात. काळ्यात नाही नेता येणार. आणि गाठ न सोडता काढलीस तर उद्या तुझी सासू माझ्या दारात येऊन बसेल, तेही मला झेपायचं नाही. सकाळी ट्रक सुटायच्या आत सोडवून घे. नाहीतर दुसरा स्वयंपाकी, योसाफाती, तयारच आहे. एकदा त्याच्या हाती ही पेटी गेली की मी परत मागणार नाही. बरं दिसत नाही ते."

"बरं," आनाएली म्हणाली. पेटीचं झाकण लावलं. कडी घातली.

घरी आली तेव्हा ऊन केळींच्या बुंध्यांवर उतरलं होतं. म्हातारी शेंगा सोलून बसली होती, टरफलांचा ढीग पायाशी. आनाएली समोर बसली, त्याच खुर्चीत.

"आई, गाठ सोडता?"

"बस जरा. एलिसांतेच्या पाणघोड्याचं सांगते. त्याला ना, पॅनकेक आवडायचे. सकाळी नदीतून यायचा, ओला, आणि रांगेत..."

"माश्या असतात तिथं. काळ्यावर बसतात. उद्या सकाळी ट्रक आहे. गाठ सुटली नाही तर योसाफाती जाईल. मग कायमचाच तो."

"जाऊ दे की! योसाफातीला तर पाणीसुद्धा नीट उकळता येत नाही. जळतं त्याचं पाणी." म्हातारी स्वतःच खुदकन हसली. "काय म्हणत होते? रांगेत. रांगेत उभा राहायचा, ताटली तोंडात धरून. एक दिवस एलिसांते म्हणाला, अरे, पाय तरी पुसून येत जा. तर तो काय म्हणाला..."

ती थांबली. सोललेली शेंग तिनं पुन्हा सोलून बघितली.

"तो काय म्हणाला..." म्हातारीनं आनाएलीकडं बघितलं. "काय म्हणाला गं?"

"नाही माहीत, आई. ही मी ऐकली नव्हती."

"ही अर्धीच सांगितली होती त्यानं. म्हणाला, कांदे घेऊन आलो की बाकीची सांगतो."

पलीकडच्या घरात कुणीतरी भांडं आपटलं. आनाएलीला वाटलं, आता आपल्याला काहीतरी व्हायला हवं. काही झालं नाही. तिनं टरफलं गोळा करून टोपलीत टाकली.

"संपल्या," म्हातारी म्हणाली. "प्रत्येक फेरीला नवी आणायचा. मीठ संपलंय म्हणायची मी, तर म्हणायचा मीठ विसरलो आई, पण गोष्ट आणलीय. आता कितींदा सांगायच्या त्याच त्या? सिफाएली मेला मध्येच चुका काढतो. हे कापड सोडलं की मग कुणी मला गोष्ट विचारणारसुद्धा नाही. म्हणतील, झालं, सुटलं, एलिसांते संपला."

"तरी सोडा, आई."

"का?"

"मला माहीत नाही."

म्हातारीनं मान वाकडी करून तिच्याकडं बघितलं. बाजारात लबाड गाईकडं बघावं तसं. "एक थाप मार."

"काय?"

"थाप. तुझी स्वतःची. त्याची नको. थाप मार, गाठ सोडते. लग्न होऊन आलीस तेव्हापासून तुझ्या तोंडून एक खोटं ऐकलं नाही मी. असली सून घेऊन काय चाटायचीय?"

"मला नाही येत."

"मग बस. योसाफातीचं जळलं पाणी पिऊ दे पाहुण्यांना."

आनाएली बसली. खुर्चीचा हात धरून. म्हातारीनं दुसरी गोष्ट काढली नाही, आणि हे त्या घरात इतकं नवीन होतं की कोंबड्या येऊन बघून गेल्या.

"मी तारांगिरेला गेले," आनाएली म्हणाली. आवाज असा, जसं पावती वाचतेय. "माश्या आल्या. काळ्यावर बसल्या."

"किती?"

"पुष्कळ."

"पुष्कळ! पुष्कळ म्हणे! बटाटे आहेत का ते?"

"इतक्या, की कापड दिसेना. मग आणखी आल्या, त्यांना बसायला जागा नव्हती, म्हणून त्या पहिल्यांवर बसल्या. मग सगळ्या एकदम उडाल्या. कापडासकट. मीही उचलली गेले."

म्हातारी पुढं सरकली.

"बाभळीच्या वरपर्यंत नेलं. तिथून नदी दिसत होती. ट्रक दिसत होता. सिफाएली ओरडत होता, वहिनी, चूल विझतेय. मी म्हटलं, येते." ती थांबली. "मग गाठ सुटली. मी खाली पडले, पिठाच्या डब्यात. अंडं एक फुटलं नाही. माश्या कापड घेऊन गेल्या. एका मोठ्या झाडावर टाकलं. आता हत्ती त्या झाडाखालून जातात तेव्हा सोंड खाली घालतात."

"कोणते हत्ती?"

"सगळे. तो सूप प्यालेलासुद्धा. तो शेवटी येतो. उभा राहतो. बराच वेळ."

म्हातारीनं नाक ओढलं, हात आनाएलीच्या काखेखाली घातला आणि गाठ शोधू लागली. गाठ इतक्या दिवसांत दगड झाली होती. नखानं सुटेना. दातांनी सुटली. म्हातारीला खालचेच दात होते, वेळ लागला. तिचा श्वास आनाएलीच्या बरगड्यांना लागत होता, गरम. आनाएलीनं हात वर धरला होता, मापं देतात तसा.

कापड सुटून मांडीवर आलं. म्हातारीनं त्याची घडी घातली आणि आपल्या बुडाखाली घेतली.

"तुमच्या अंगावरचं काळं, आई?"

"मला कुठं जायचंय? माझ्यावर कोणती माशी बसणार? चामडं बघून परत जाईल." मग म्हणाली, "पडताना डब्यात पडलीस ते बरं जमलं. पण 'पुष्कळ' म्हणू नकोस परत. आणि तिकडून रिकाम्या हातानं आलीस तरी चालेल. रिकाम्या तोंडानं येऊ नकोस. खरं काही सांगितलंस तर दारात घेणार नाही."

सकाळी ट्रक केळींपाशी येऊन थांबला. हिरवी पेटी मागं दोरीनं आवळलेली. आनाएली मातकट रंगाच्या कपड्यात चढून सिफाएलीच्या शेजारी बसली. खांदा मोकळा होता. मोकळा वाटत नव्हता, जडही वाटत नव्हता. खांदा होता.

नळावर जाणारी शेजारीण नमस्काराला दारात उभी राहिली. "एलिसांतेच्या आई, शिकामो!"

"मराहाबा, मराहाबा. ये, घागर ठेव. आमच्या आनाएलीचं काय झालं ऐकलंस का? तारांगिरेला गेली होती, तर माश्यांनी तिला कापडासकट उचललं! दोन गावं पलीकडं नेलं! वाटेत गिधाडांनी वाट दिली, म्हणाली, आधी तुम्ही, वहिनी..."

शेजारणीनं म्हातारीकडं बघितलं, मग ट्रकमध्ये बसलेल्या आनाएलीकडं. "अगंबाई. पण ही तर अजून निघतेय."

सिफाएलीनं गाडी चालू केली नाही. तोही वळून बघत होता. "खरं का हो, वहिनी?"

आनाएलीचा चेहरा होता तसाच होता.

"तीन गावं," ती म्हणाली. "चला. पिठात अंडी आहेत, हळू घ्या."