खिडकीशेजारची भिंत

धाकटीनं अकरा वर्षं डूख धरला होता, आणि तो कुणाला दिसला नव्हता. ती येता-जाता हसायची, बहिणीच्या घरी वाढदिवसाला जायची, भावोजींच्या नव्या चित्रांना "छान" म्हणायची. त्या "छान"ची धार फक्त तिच्याच जिभेला ठाऊक होती.

भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, कलावंत मंडळाचे अध्यक्ष होते. दोन वर्षांपूर्वी मंडळानं धाकटीला परत घेतलं, तेही त्यांच्याच मोठ्या मनानं. पंचविसाव्या प्रदर्शनाची मांडणी मी करते, असं तिनं सभेत म्हटलं तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मांडणी म्हणजे शिडी, खिळे, दोरा आणि प्रत्येकाच्या शिव्या.

"मेव्हणी आमची कष्टाळू," भावोजी म्हणाले. "हात मूळचाच चलाख."

दोघं-तिघं हसले. ती त्यांच्याहून मोठ्यानं हसली.

सभागृह दुरुस्तीला काढलं होतं. नवी जागाही तिनंच शोधली. विमा कचेरीचा रिकामा झालेला दुसरा मजला. एके काळी ती इथंच कारकून होती. जेवणाच्या सुट्टीत खिडकीशी बसून ती तांब्याच्या पत्र्यावर सुईनं समोरचा रस्ता थेट कोरायची: घड्याळाचा मनोरा, उतरती छपरं, आणि खाली पदपथावर टेबल मांडून किल्ल्या घासणारा कुलूपवाला. यंत्रात सापडून गेलेली त्याच्या डाव्या हाताची दोन बोटंसुद्धा तिनं सोडली नव्हती. त्या रिकाम्या जागेभोवती तिची सुई सर्वांत हळुवार फिरली होती.

पत्र्यावर सरळ कोरलेलं कागदावर उलटं उमटतं. मनोरा उजवीकडचा डावीकडे आला, आणि कागदावरच्या कुलूपवाल्याची बोटं उजव्या हाताची गेली. तिला ते आवडलं. रोजचा रस्ता असा पाठमोरा होऊन आपल्याला पहिल्यांदाच भेटतो आहे, असं तिला वाटलं. तिनं ते तसंच राहू दिलं.

स्वतःच्या खोलीत ओल होती, म्हणून पहिला छाप वाळायला तिनं ताईच्या घरी ठेवला. तीन महिन्यांनी प्रदर्शनाच्या दाराशीच भावोजींचं पुरुषभर उंचीचं तैलचित्र होतं. तोच रस्ता, तीच छपरं, तोच कुलूपवाला. आतल्या दालनात तिचा वीतभर प्रिंट. मोठ्यानं लहानाचं उचललं असेल, हे कुणाच्या मनाला शिवलंही नाही. धाकटीवर नकलेचा ठपका आला, सभा भरली, आणि आधी कुणाचं झालं हे ताईला विचारलं गेलं.

"ह्यांचं आधी पुरं झालं होतं," ताई जमिनीकडे बघत म्हणाली. "धाकटी रोज बघायला यायची."

ती दोन वाक्यं. मंडळातून नाव गेलं, छापायचं यंत्र गेलं, आणि बाजारात भेटणाऱ्यांच्या नजरेत कायमचं एक हसू आलं. चित्र उलटं आहे, हे ती दुसऱ्याच दिवशी ओरडून सांगू शकली असती. पण नुसत्या मनोऱ्यावर भावोजी निसटले असते, आणि ताई जमिनीकडे बघत राहिली असती. तिला ताईची मान वर झालेली हवी होती.

म्हणून ती थांबली, आणि भावोजींनी आपली कबर आपणच खणली. दर वर्षी त्यांची कथा वाढत गेली. यंदाच्या पुस्तिकेत तर छापूनच आलं: "चाळीस सकाळी विमा कचेरीच्या खिडकीत उभा राहून जे दिसलं तेच रंगवलं. एक कौलही इकडचं तिकडे नाही."

आदल्या दिवशी मांडणी चालली असताना तिची एकुलती एक मैत्रीण आपले चिनी मातीचे वाडगे पुसत होती. तापट म्हणून तिला सगळे भट्टी म्हणत.

"अगं, खिडकीशेजारची सगळ्यात चांगली भिंत त्या भामट्याला?"

"प्रिंट उन्हानं फिके पडतात. तैलरंगाला काही होत नाही."

"आणि तुझ्या वाट्याला?"

"शिडी."

भट्टीनं तिच्याकडे रोखून पाहिलं. "तुझा चेहरा मला बरा दिसत नाही. वाडगा भाजायच्या आधी चांगला वाटतो आणि भट्टीत गेला की फुटतो, तसा झालाय."

"मग लांब उभी राहा."

उद्घाटनाला सकाळी अकरा वाजता दालन भरलं. खिडकीची झडप बंद होती. भावोजी आपल्या चित्रापुढे उभे राहून चाळीस सकाळींची कथा सांगत होते, ताई एक पाऊल मागे.

"भावोजी," धाकटी गोड आवाजात म्हणाली, "खिडकी उघडू? लोकांना ताडून बघता येईल."

"उघड की! बघू दे सगळ्यांना!"

तिनं झडप उघडली. ऊन आत आलं, आणि त्याच्याबरोबर रस्ता. क्षणभर सगळे चित्राकडून खिडकीकडे आणि खिडकीकडून चित्राकडे बघत राहिले.

"मनोरा तर त्या बाजूला आहे," कुणीतरी म्हणालं.

भावोजींनी बाहेर पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच. "चित्रकाराला तेवढं स्वातंत्र्य असतंच," ते म्हणाले. पण कपाळ ओलं झालं होतं.

"मामा, या ना पुढे," धाकटीनं हाक मारली.

आमंत्रण हातात धरून कुलूपवाला दाराशी उभा होता. तो आला, चित्रासमोर थांबला, लाजून हसला. मग त्याचं हसू अडखळलं.

"सदरा माझाच. पण साहेब, बोटं माझी ह्या हाताची गेलीत." त्यानं डावा पंजा वर केला. "हा उजवा तर धडधाकट आहे. चाळीस दिवस बघत होतात म्हणता, मग?"

"हातच्या कंकणाला आरसा कशाला!" भट्टी कोपऱ्यातून कडाडली. "अहो, छाप उलटा येतो, डोळ्यांना उलटं दिसत नाही! प्रिंटवरून उचललंय ह्यांनी!"

धाकटीनं भावोजींकडे पाहिलंही नाही. ती ताईकडे बघत होती.

"बाई, तुम्ही तर तेव्हा सांगितलं होतंत…" मंडळाचे जुने चिटणीस चाचरत म्हणाले.

ताईची मान वर झाली.

"खोटं सांगितलं होतं," ताई म्हणाली. "प्रिंट आधी आला. माझ्याच कपाटावर वाळत होता."

भावोजी जिना उतरून गेले. त्यांच्या मागे कुणी गेलं नाही, ताईसुद्धा. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"अकरा वर्षं पोटात ठेवलंस. एकदा मला एकटीला विचारायचंस गं. मी सांगितलं असतं."

"एकटीला तू केव्हाही सांगशील, ते ठाऊक होतं."

"आता त्या घरात मी कोणत्या तोंडानं जाऊ?"

धाकटीला वाटलं होतं, ह्या क्षणी आत काहीतरी सैल होईल. काहीच झालं नाही. कोरताना सुईवर धरावी तशी तिची मूठ अजून घट्टच होती, आणि तिला त्याचं वाईटही वाटलं नाही. तिनं टेबलाखालून कागदात गुंडाळलेला वीतभर प्रिंट काढला, चौकटीवरची धूळ पुसली, दोन खिळे ओठांत धरले आणि हातोडी उचलली.

"ताई, जरा सरक. तू उभी आहेस तिथं मला खिळा मारायचाय."